अर्जातली शेवटची ओळ

तुमच्या आईला दिल्लीत संरक्षण खात्यात ते मोठं पद मिळालं तेव्हा तुम्ही दोघं शिकायला बाहेर गेला होतात. तिनं तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "आई, गावात बोलू नकोस."

मी बोलले नाही. पण चौथ्या दिवशी इथल्या हिंदी वर्तमानपत्रात तिचा फोटो आला आणि खाली छापलं होतं, की शहराची बेटी आता फौज सांभाळणार. सकाळी दूधवाल्यानं अंक माझ्या हातात ठेवला आणि आदरानं दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

तुम्ही मागच्या महिन्यात विचारलंत, की आईचं तिथलं काम नक्की काय होतं, आणि मधेच तिच्याकडून एक विषय का काढून घेतला. तुमची आई ते सांगणार नाही, कारण सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागेल. म्हणून मी लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, पण हा सगळा घोळ माझ्या इंग्रजीनंच घातला, म्हणून हे मराठीतच.

आधी कामाचं. मीही तिला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, "तू शाळेत टाइमटेबल करायचीस ना, तसं काहीसं. फक्त मी टाइमटेबल करत नाही. ते करणारे वेगळे, वर्दीतले. टाइमटेबल कुठल्या नियमानं करायचं ते माझ्याकडे येतं. जवानाला उंचावर किती महिने ठेवायचं, सुट्टी केव्हा द्यायची, घरी कोणी आजारी असेल तर काय, कोणी गेला तर मागच्यांचं काय."

मी म्हटलं, "म्हणजे एकीला ऑफ पिरियड दिला की दुसरीला तो वर्ग घ्यावा लागतो, तसंच."

ती म्हणाली, "हो. आणि आई, ती दुसरी माझ्या टेबलापर्यंत कधीच येत नाही. येते ती पहिलीच. मला भीती वाटते ती ह्याचीच."

मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं टाइमटेबल केलं, त्यामुळे तिचं म्हणणं मला समजलं. निदान समजलं असं वाटलं.

आता आपल्या गावाची एक रीत सांगते, कारण तुम्हाला ती कुठे दिसणार नाही. बुऱ्हाणपुरात कुठेही जा, दवाखान्यात, गॅसच्या दुकानात, केळीच्या लिलावात, पहिला प्रश्न येतो, "किसके यहाँ से आए हो?" तुम्ही कोणाचं तरी नाव सांगता आणि मग बोलणं सुरू होतं. नाव सांगता आलं नाही तर तुम्ही बाकावर बसून राहता. ह्यात कोणाला काही गैर वाटत नाही. पत्ता सांगावा तशी माणसं ओळख सांगतात.

फोटो छापून आल्यावर ओळख सांगायला लोधीपुऱ्यातल्या आपल्या दारी लोक येऊ लागले. एक रिक्षावाला तर ओट्यावरच बसला. "आजी, भांजे की पोस्टिंग पुणे करवा दो. बस एक फोन."

"तिच्याकडे बदल्या नसतात रे."

"मिनिस्ट्री में बैठी है और बदली नहीं? फिर बैठी काहे को है?"

मी हसून त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. सगळ्यांना तसंच पाठवलं. माझं एक ठरलेलं वाक्य होतं आणि ते म्हणताना मला थोडा अभिमानही वाटायचा, हे आता कबूल करते.

मग ती आली.

ती म्हणजे खकनारच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली बाई, पन्नाशीची, विधवा. थोडी केळी आहेत, दीर बघतो. दर गुरुवारी बाजाराला यायची आणि परतीच्या बसला वेळ असला की आपल्या ओट्यावर टेकायची. वीस वर्षं. लहानपणी तुम्ही केळफुलाची भाजी खाल्लीत ना, ते केळफूल तिनं आणलेलं असायचं. तिचे दोन्ही मुलगे फौजेत. थोरल्याची गाडी डोंगरात दरीत गेली. त्याचा देह गावी आणला तेव्हा मी गेले होते. धाकटा त्याच बाजूला, त्याहून उंचावर होता.

त्या गुरुवारी तिनं केळफूल खाली ठेवलं नाही. पदरातच धरून बसली.

"बाई, मले त्याले घरी नाही आनायचं. नोकरी सोडू नको म्हनते मी त्याले. फक्त खाली आनायचं. जिथी रस्ता हाये तिथी."

"माझी मुलगी बदल्या करत नाही गं."

"तिले नका सांगू. तुमी कागद लिहा. तुमचं लिहनं लोक वाचता."

त्यात मला नियम मोडल्यासारखं काही दिसलं नाही. एका आईचा अर्ज, आईच्या नावानं. मुलीला फोन करायचा नाही, तिला कळवायचं नाही. मी टेबल पुसलं. तुमचे आजोबा कागद कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा आणलेल्या चांगल्या कागदाचा शेवटचा दस्ता काढला आणि जसा तीस वर्षं मुलींना शिकवला तसा अर्ज मुलाच्या पलटणीच्या कचेरीला लिहिला. तिचा पत्ता म्हणून आपल्या घराचा पत्ता घातला, कारण तिच्या गावात टपाल आठ-आठ दिवस दुकानात पडून राहतं आणि तिला वाचता येत नाही.

लिहून झाला. चांगला झाला होता. पण सहीच्या वर थोडी जागा उरली होती आणि त्या जागेकडे बघताना मला त्या दूरच्या कचेरीतला कारकून दिसायला लागला. कुठली कोण बाई, अंगठा लावलेला. तो विचारणारच, किसके यहाँ से? तेव्हा मी एक ओळ घातली. मराठीत सांगायचं तर अशी: 'अर्जदार ही लेखिकेच्या वीस वर्षांच्या परिचयाची असून लेखिकेची कन्या आपल्याच खात्यात वरिष्ठ पदावर आहे, ती ह्या कुटुंबाची खात्री देऊ शकेल.'

मग मी तिला अर्ज मराठीत वाचून दाखवला. ती ओळ सोडून. का सोडली? ती तिच्याविषयी नव्हती, माझ्याविषयी होती, असं मी स्वतःला सांगितलं. तिनं अंगठा लावला. मी झेरॉक्स काढून फाइलला लावली, जावक वहीत नोंद केली आणि स्पीड पोस्टानं अर्ज पाठवला.

दीड महिना काहीच झालं नाही. तुमची आई दर रविवारी दहाला फोन करायची आणि मी तिच्याशी पाऊसपाणी, गुडघे आणि तुमची परीक्षा ह्यांवर बोलायची.

मग ती बाई सोमवारी आली. बाजार गुरुवारी असतो.

"बाई, पोराचा फोन आला व्हता. त्याले कागद देला म्हने."

"कसला कागद?"

"जवाब मागी राहिले. तुनं बाहेरून वजन टाकलं म्हने. तो मले इचारे, माय, तू कोणाकडून लिहवलं? मी म्हनलं, आपल्या बाईंकडून." तिनं माझ्याकडे बघितलं. "चांगलंच लिहिलं आसन ना बाई?"

मी म्हटलं, "बघते."

एवढंच म्हटलं. ती गेल्यावर मी फाइल काढली आणि ती ओळ वाचली. ओळख म्हणून लिहिलेली ती ओळ तिथे बसलेल्या माणसाला कशी वाचता येईल, हे मला तेव्हा कळलं. माझी मुलगी तुमच्या वर बसली आहे, बघून घ्या. दुसरा अर्थ लागतच नव्हता. त्या मुलानं आईकरवी, आईनं माझ्याकरवी, आणि मी तुमच्या आईकरवी वजन टाकलं होतं. आणि पाकिटावर आपल्या घराचा पत्ता होता, जो तुमच्या आईच्या सेवापुस्तकात कायमचा पत्ता म्हणून लिहिलेला आहे.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मी ती झेरॉक्स फाइलमधून काढली आणि गव्हाच्या कोठीत, एरंडेल लावलेल्या गव्हात हात कोपरापर्यंत घालून खाली दाबून ठेवली. जावक वही गाद्यांच्या खाली. मग दाराला कडी लावली. भर दुपारी.

त्यानंतरचे दिवस मी घरात चोरासारखी वावरले. दारासमोर गाडी थांबली की मी स्वयंपाकघरात जायची. टपालवाला पुढच्या घरी गेला तरी मी कडी पुन्हा तपासायची. त्या मुलाची नोकरी जाईल, तुमच्या आईला सगळ्यांसमोर उभं करतील, पेपरात पुन्हा फोटो येईल आणि खाली दुसरंच काही छापलेलं असेल. रात्रीपेक्षा सकाळ वाईट असायची, कारण सकाळी कचेऱ्या उघडतात.

आणि एका सकाळी चौकशीला एक माणूस आलाच. साधा शर्ट, पण बूट असे चकचकीत की मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

"माताजी, यही पता है?" त्यानं पाकिटाची प्रत दाखवली. पत्ता माझ्या अक्षरात होता.

"हाँ."

"चिट्ठी आपने लिखी?"

मी म्हटलं, "मैं रिटायर्ड टीचर हूँ, भैया. बहुतों की लिख देती हूँ।"

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. त्यानं काहीतरी टिपलं, पाणी मागितलं, उभ्यानंच प्यायला, भांडं नीट ओट्यावर ठेवलं आणि नमस्कार करून गेला. तो इतका सभ्य होता की मला जास्तच भीती वाटली. दार लावताना कडी मला तीनदा सापडली नाही.

दोन दिवसांनी, बुधवारी, तुमच्या आईचा फोन आला. रविवार सोडून ती कधी करत नाही.

"आई, तो अर्ज तू लिहिलास?"

"हो."

"शेवटची ओळ पण?"

"हो."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो," ती म्हणाली. "तेच म्हणाले असते." मग हळू आवाजात, "पत्त्यावरून शोधत इथपर्यंत आला, माझ्या टेबलावर आणून ठेवला एकानं. काही बोलला नाही. मी अक्षर ओळखलं, आई. त्याच अक्षरात शिकलेय मी. वर बघितलं तर तो खिडकीबाहेर बघत होता."

मला रडू आलं, पण रडायचा हक्क नव्हता म्हणून आवरलं. "तुझं काय होईल?"

"माझं मी बघेन. त्या मुलाचं बघ. आईनं अर्ज करणं गुन्हा नाही. पण ती ओळ त्यानंच घालायला सांगितली असं धरलं जाणार. बढतीच्या यादीत आहे तो. नीट खुलासा झाला नाही तर हे त्याच्या कागदावर चिकटतं ते सुटत नाही."

"मग मी लिहून देते. त्याला काही माहीत नव्हतं, ओळ माझी होती."

पलीकडे तिनं दार लावल्याचा आवाज आला.

"तसं लिहिलंस तर तू माझी आई आहेस हे तुझ्याच सहीनं कागदावर येईल."

"मग नको लिहू?"

"आई, ह्यात मी तुला काहीच सांगू शकत नाही. हो पण नाही आणि नाही पण नाही. कळतंय का?" आणि फोन ठेवायच्या आधी, एकदम लहानपणीच्या आवाजात, "जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. त्या दिवशी मी बराच वेळ कोठीसमोर पाटावर बसून राहिले. एका बाजूला तिचा मुलगा होता, दुसऱ्या बाजूला माझी मुलगी. न लिहिलं तर कदाचित सगळं माझ्या मुलीपुरतं दबून जाईल आणि दूर कुठेतरी एक मुलगा मुकाट्यानं भोगेल. तो माझ्या दारापर्यंत येणार नव्हता. हे मनात आलं आणि मला टाइमटेबलाचं ते बोलणं आठवलं. मग मी गव्हात हात घातला. कागदावर तेलाचा पारदर्शक डाग पडला होता, नेमका त्या ओळीपासून सुरू होऊन खालपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, पण ती बाजाराला येईपर्यंत मला धीर नव्हता. मी सकाळच्या बसनं तिच्या गावी गेले. ती बागेत होती. मी तिथेच, केळींच्या पाटाशी उभी राहून सगळं सांगितलं. ओळ मराठीत सांगितली.

तिनं विळा खाली ठेवला. "मंग मले वाचून दावलं तवा हे नाही दावलं?"

"नाही दाखवलं."

"मी अंगठा लावला त्यावर."

"हो."

"मले वाटलं, विंग्रजी हाये, बाईले समजतं. माझ्या घरचीच मास्तरीण समजे मी तुमाले." ती हसल्यासारखं करून थुंकली. "पोरगा मले म्हने, माय, तुनं काय लिहवलं? मले सांगताच नाही आलं. माझ्याच कागदात काय हाये ते मले माहीत नाही!"

परतीची बस दुपारची होती. ती मला बसा म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. शेवटी मी पिशवीतून कागद काढला. ह्या वेळी चारच वाक्यं होती: मुलाला अर्जाची माहिती नव्हती. आईनं ओळखीचा उल्लेख करायला सांगितलं नव्हतं. ती ओळ मी माझ्या मनानं घातली आणि तिला वाचून दाखवली नाही. माझ्या मुलीला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

"वाचा," ती म्हणाली. "सगळं. येक बी अक्षर सोडू नका."

मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "ह्याच्यानं तुमच्या पोरीले तरास व्हईन?"

"होईल."

ती बागेलगतच्या घरात जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. अंगठा तिनं आपणहून लावला, साक्षीदार म्हणून, आणि शाई माझ्या पदराला पुसली. मुद्दाम की चुकून, मी विचारलं नाही. डाग अजून आहे.

कागद गेला, सोबत तेलकट झेरॉक्स. तुमच्या आईनं त्याच आठवड्यात आपल्या वरिष्ठांना लिहून दिलं, की हा अर्ज आपल्या आईच्या हातचा आहे, तेव्हा ह्या विषयात आपला हात नको. आणि तो विषय म्हणजे फक्त एक अर्ज नव्हता. एक मूल सेवेत दगावलेल्या घरातल्या दुसऱ्या मुलाला कुठे ठेवावं, ह्याचा नियम ती वर्षभर तयार करत होती. शेकडो आया होत्या त्या फाइलमध्ये. ती फाइल तिनं दुसऱ्या टेबलाला दिली. तिला शिक्षा झाली नाही. तुम्हाला वाटतं तसं तिच्याकडून काही काढूनही घेतलं नाही. तिचं तिनं दिलं, माझ्यामुळे. नव्या माणसाला फाइल पहिल्यापासून वाचावी लागली. अजून नियम झालेला नाही. हे तिनं मला एका रविवारी एका वाक्यात सांगितलं आणि लगेच गुडघ्यांची चौकशी केली.

मुलाचा खुलासा मान्य झाला. त्याच्या कागदावर काही राहिलं नाही. त्याच्या साहेबानं त्याला बोलावून विचारलं म्हणे, की तुला उतरायचं असेल तर तू मला का नाही सांगितलंस? तेव्हा त्यानं तिथेच बसून हिंदीत दोन ओळी लिहून दिल्या. माझा भाऊ ह्याच सेवेत वारला, घरी आई एकटी आहे. बस. आहे त्याच नियमात बसवून त्या मंजूर झाल्या. मी पहिल्याच दिवशी तिला म्हणाले असते, मुलालाच त्याच्या साहेबाला सांगू दे, तर एवढंच लागलं असतं. पण तसं कसं म्हणणार? ओळखीशिवाय काम होतं ह्यावर माझाच विश्वास नव्हता.

मंजूर होऊनही तो लगेच उतरला नाही. बदली माणूस वर पोचल्याशिवाय जागा सोडता येत नाही आणि वर बर्फ सुरू झालं होतं. पाच गुरुवार ती ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या गुरुवारी तिनं परत केळफूल आणलं. आम्ही फार बोलत नव्हतो. फोन वाजला आणि कंपनीची जाहिरात निघाली की ती त्या जाहिरातवालीला असल्या शिव्या द्यायची की शेजारीण खिडकीत यायची.

पाचव्या गुरुवारी खरा फोन आला. तिनं ऐकलं आणि फक्त "उतरला," म्हणाली. मग फोन माझ्या कानाला लावला.

"नमस्ते, मॅडमजी," तो फौजेतल्या सवयीनं हिंदीत म्हणाला. आवाज दमलेला आणि आनंदात होता. "अगली बार चिट्ठी थोडी छोटी लिखना."

मी हसले. मग न राहवून विचारलं, "तुझ्या जागी कोण गेलं?"

"एक नया लड़का है. राजस्थान की तरफ का. ठीक है, सीख जाएगा।"

"त्याच्या घरी कोण कोण आहे?"

"ये तो पूछा नहीं, मॅडमजी."

ती बाई पेढे आणायला कोपऱ्यावर निघून गेली होती. मी फोन हातात धरून ओट्यावर बसले. त्या मुलाला आई असेल, तिला कोणी सांगितलं असेल का, आणि तिच्या गावात अर्ज लिहून देणारं कोणी असेल का, हे माझ्या मनातून जाईना. दर रविवारी दहाला तुमच्या आईचा फोन येतो तेव्हा मी तिला विचारते, वर हवा कशी आहे. ती सांगत नाही. पण आता ती हे विचारत नाही, की कोणासाठी विचारतेस.